वन्संचा तीळ आणि एकशेपाचची लेन्स

४ मार्च, सोमवार

आज माझ्या हातून लेन्स पडली. इथे खरं लिहिते, कारण दवाखान्यात मी नुसतं ‘लेन्स गेली’ एवढंच सांगितलंय, जशी काही ती स्वतःच्या पायांनी चालत गेली. झालं असं की कॅमेऱ्याचा पट्टा ड्रॉवरच्या मुठीत अडकला, मी घाईत वळले आणि धाडकन! कॅमेरा वाचला. लेन्सचं पुढचं भिंग मात्र तडकलं आणि कडं फिरेनासं झालं. नऊ वर्षं सांभाळलेली वस्तू. माझी मेली ही घाई एक दिवस माझाच घात करणार आहे.

आमचा दवाखाना त्वचेचा, आणि माझं काम लोकांच्या अंगावरच्या तिळांचे अगदी जवळून फोटो काढण्याचं. दर वर्षी तोच तीळ, त्याच मापाचा फोटो. मग डॉक्टरीणबाई जुना आणि नवा शेजारी ठेवून बघतात, वाढला का, कड वेडीवाकडी झाली का. वाढलेला असला तर काढून तपासायला पाठवतात, कॅन्सर नाही ना म्हणून. म्हणायला फोटोचं काम, पण त्याच्यावर माणसाचा जीव असतो.

त्यासाठी माप चुकून चालत नाही. जुन्या लेन्सच्या कड्यावर १:२ अशी खूण होती. कडं त्या खुणेवर ठेवायचं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही, आणि स्वतः मागेपुढे डुलत चित्र स्वच्छ करायचं. मग कुणाचाही तीळ असो, कॅमेऱ्यात बरोबर निम्म्या मापाने उतरतो, आणि त्यावरून आमचा कॉम्प्युटर तो किती मिलिमीटरचा आहे ते सांगतो. डॉक्टरीणबाई सुरुवातीला म्हणायच्या, फोटोत एक कागदी पट्टी ठेवत जा, मापाला बरी. मी म्हटलं, बाई, माझं कडं हीच माझी पट्टी. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, अठराला येतील. फोनवर म्हणाल्या, “तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच निवडा.” ऐकून बरं वाटलं. पाडल्याचं सांगायचं तेवढं राहून गेलं.

५ मार्च, मंगळवार

कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. तिथला माणूस इतका बोलतो की आम्ही त्याला गप्पीदास म्हणतो. पण आज तो माझ्या तुटक्या लेन्सकडे असा बघत होता की जणू त्याच्या घरचं कुणी गेलंय.

“शंभर मिलिमीटरची ना ही? आता येत नाही. कंपनीने बंद केली.”

“मग?”

“साठची घ्या, एकशेपाचची घ्या, नाहीतर एकशेऐंशीची. तिन्ही जवळून फोटो काढणाऱ्याच. आकडा वाढला की तेवढंच चित्र लांबून काढता येतं, बाकी काही नाही. तिन्ही घेऊन जा, उद्या वापरून बघा. तुमच्यावर विश्वास आहे.”

लेन्स पाडणाऱ्या बाईवर विश्वास! मी गुपचूप तिन्ही पिशवीत घातल्या.

६ मार्च, बुधवार

आज दिवसभर तीच कसोटी. फोटोची खोली आठ बाय नऊची, त्यात पलंग, कपाट आणि हात धुवायचं बेसिन. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना म्हटलं, जरा मनगट द्या. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “लग्नानंतर माझा फोटो कुणी काढलाच नाही बघा.”

साठची लेन्स हलकी, हातात छान बसते. पण तेवढ्या मापाचं चित्र घ्यायचं तर इतकं जवळ जावं लागतं की लेन्सची सावली त्याच तिळावर. शिवाय मानेवरचा तीळ असेल तर माझा श्वास पेशंटच्या कानात. मावशी म्हणाल्या, “बाई, तुम्ही फोटो काढताय का गुपित सांगताय?” बाद.

एकशेऐंशी म्हणजे तोफ. ती घेऊन मागे सरकत गेले, सरकत गेले, आणि बेसिनवर जाऊन आदळले. कोपराने नळ सुटला. पाठ सगळी ओली. ती पण बाद.

एकशेपाच मात्र बेतशीर. सावली नाही, लोटालोटी नाही, जुन्या शंभरच्या जवळपास तेवढंच अंतर. एकच खोड, हिच्यावर १:२ ची खूण नाही. नव्या लेन्सवर ते छापतच नाहीत म्हणे, नुसते अंतराचे आकडे. पण त्यात काय मोठंसं? जुन्या लेन्सवर १:२ च्या शेजारीच ४५ सेंटिमीटर लिहिलेलं होतं. हिचं कडंही ४५ वर ठेवलं आणि वरून चिकटपट्टी लावून टाकली. गप्पीदासला फोनवर विचारलं तर म्हणाला, “शंभर काय आणि एकशेपाच काय, पाच मिलिमीटरने काय आभाळ कोसळणार आहे?” पटलं.

८ मार्च, शुक्रवार

नवी लेन्स कॅमेऱ्याला लावून दवाखान्याच्या लॅपटॉपसकट घरी आणली. तिचा पहिला चांगला फोटो वन्संचा काढायचा असं ठरवलं होतं. म्हणजे हौस म्हणून नाही. गेल्या वर्षी त्यांच्या दंडावरच्या तिळाचा फोटो मी दवाखान्यात जुन्या लेन्सने काढला होता, तेव्हा नव्या-जुन्याची तुलना आयती झाली असती.

वन्सं म्हणजे माझी नणंद. शिवणकाम करतात. त्यांचे मिस्टर गेले तेव्हा ‘आठ दिवस राहते’ म्हणून आल्या, त्याला वीस वर्षं झाली. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, त्यांचा टेबल, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या चपला. आमचं पटत नाही असं नाही, पण भांड्याला भांडं रोज लागतं. मी डाव्या हाताने काही ठेवलं तरी त्यांना ते तिरकं दिसतं.

“वन्सं, दंड द्या जरा.”

“कशाला? मोजायला?”

“फोटोला. नवी लेन्स आलीय.”

“माझ्या दंडाचा फोटो! चेहऱ्याचा काढायचं सुचलं नाही कधी.” पण बाही वर केलीच त्यांनी. तीळ काळसर, बाजूलाच लहानपणी लस टोचल्याची गोल खूण. काय फोटो आला! कातडीची रेघन् रेघ, लशीच्या खुणेतल्या चुण्या, एकेक लव मोजून घ्यावी. मी अगदी हरखून गेले. मग गेल्या वर्षीचा फोटो शेजारी लावला, स्वच्छपणा बघायला म्हणून.

गेल्या वर्षी तीळ सहा मिलिमीटरचा होता. आज सातच्या वर आहे.

तीनदा मोजला. सातच्या वरच.  सहाचा सात म्हणजे काय ते मला माहीत आहे, नऊ वर्षं तेच बघतेय. वन्सं मागून म्हणाल्या, “कसा आलाय? दाखव की.” मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, “वन्सं, गरम दूध देऊ का कपभर?”

९ मार्च, शनिवार

सकाळी ह्यांना सांगितलं. हे लिफ्ट दुरुस्त करतात, अडकलेली माणसं बाहेर काढायची सवय, त्यामुळे घाबरणं ह्यांच्या स्वभावातच नाही. आज मात्र खुर्चीवर बसले ते बसलेच.

“नक्की?”

“तीनदा मोजलं.”

“पट्टी लावून बघ की दंडाला.”

“वाकड्या दंडावर पट्टी काय सांगणार? शिवाय पट्टी बघून त्या विचारतील, कशाला म्हणून. फोटो खोटं बोलत नाही.”

“ताईला सांगायचं?”

“डॉक्टरीणबाई येईपर्यंत नको. उगाच नऊ दिवस जीव टांगणीला.”

दुसऱ्या कुणाला दाखवू म्हणाले. मीच म्हटलं नको, नऊ दिवसांनी काही बिघडत नाही, आणि बाईंइतकं नीट कुणी बघणार नाही. हे ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर जाऊन इतकी फळं घेऊन आले की फ्रिज मिटेना. वन्सं म्हणाल्या, “काय रे, दुकान काढतोयस का?”

११ मार्च, सोमवार

पोस्टमन आले होते, वर्षाच्या फोटोला. पोटरीवर तीळ. भला माणूस, कायम हसतमुख, येताना आमच्या दवाखान्याची पत्रंही घेऊनच आले. त्यांचाही तीळ वाढलाय! चारचा पावणेपाच झालाय. त्यांनी विचारलं, “ठीक आहे ना मॅडम?” खरं तर असं काही सांगायचं काम माझं नाही, ते डॉक्टरांचं. पण वन्संचं डोक्यात होतं, तोंडातून निघून गेलं, “थोडा वाढलेला वाटतोय. अठराला बाईंना दाखवाच.”

त्यांचं हसू गेलं. पँटचा पाय खाली करायला किती वेळ लावला त्यांनी. मला वाटलं, बरं केलं सांगितलं, वेळेवर कळलेलं चांगलं.

दुपारी आणखी दोघी होत्या. त्यांचेही वाढलेत. एकाच दिवसात तीन! या वर्षी ऊन फार होतं, त्याचाच परिणाम असणार. डॉक्टरीणबाई आल्या की त्यांना हे सांगितलंच पाहिजे.

१३ मार्च, बुधवार

वन्संचं काय चाललंय कळत नाही. मी इकडे त्यांच्या काळजीने अर्धी झाले आणि त्या मलाच कामाला लावतायत. काल कपाट आवरायला काढलं. वीस वर्षांत त्या कपाटाला कुणी हात लावलेला त्यांना खपला नाही, आणि काल मलाच समोर बसवून कुठल्या खणात काय ते दाखवत होत्या. कुणाचं कापड कुठल्या पिशवीत, कागदपत्रं कुठे, सगळं. मी म्हटलं, “मला कशाला सांगताय?” तर म्हणाल्या, “घरात एकाला तरी माहीत असावं.”

आज एक बाई लेकीच्या लग्नाचे कपडे शिवायला घेऊन आली. दोन महिन्यांनी लग्न. वन्संना असलं काम म्हणजे जीव की प्राण, पण सरळ परत पाठवली. वर संध्याकाळी मला मशीनवर बसवलं. “दोरा ओवायला तरी शीक.” मी चार वेळा चुकले. एरवी एव्हाना माझा उद्धार झाला असता. त्या नुसत्या म्हणाल्या, “होईल गं, हळूहळू.”

असं गोड बोलणं मला सहनच होत नाही. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ मार्च, गुरुवार

आज काही लिहायचं नाही. हे परत द्राक्षं घेऊन आले.

१५ मार्च, शुक्रवार

पोस्टमन पुन्हा आले. फोटो नव्हता, काम नव्हतं. बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, “मॅडम, बायकोला सांगू का आत्ताच? की अठरा उलटू देऊ?”  म्हणाले, “ती विचारते, रात्री जागे का असता. मी म्हणतो, गुडघा दुखतोय. आता ती रोज गुडघ्याला शेक देते.” मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मी म्हटलं, डॉक्टर बघू देत आधी. त्यांना पाणी दिलं. पाणी देऊन काय होतंय?

मी त्यांना सांगायला नको होतं. आता कळून काय उपयोग? सुटलेला शब्द थोडाच परत घेता येतो?

आजचे तीनही तीळ वाढलेले. सोमवारपासून सहा, आणि सातव्या वन्सं. सातही जण! इतक्या वर्षांत शंभरात एखादा वाढलेला पाहिला असेल, आणि एका आठवड्यात सातांपैकी सात. काही साथ वगैरे असते का याची? डोकं अगदी बधिर झालंय. आज एक गोष्ट मुद्दाम केली, एक म्हातारबाबा होते, त्यांचा दोनदा फोटो काढला, माझाच हात हलतोय का म्हणून. दोन्ही फोटो तंतोतंत सारखे. म्हणजे माझ्या कामात खोट नाही. मग खोट कुठे आहे, तर त्यांच्या तिळात. विचार करवत नाही.

१६ मार्च, शनिवार

आज अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

दुपारी वन्सं बाजारात गेल्यात असं समजून मी दोन्ही फोटो उघडून बसले होते, गेल्या वर्षीचा आणि गेल्या शुक्रवारचा. शंभराव्यांदा. मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. मी घाईघाईने मिटायला गेले तर माझ्या मनगटावर हात ठेवला.

“राहू दे. बघू दे मला.”

“वन्सं, अहो, ते काही नाही...”

“वहिनी, मला आठ दिवस माहीत आहे. फोटो चांगला आला की तू घरभर नाचवतेस. त्या दिवशी झटकन मिटलास आणि मला दूध विचारलंस. वीस वर्षांत तू मला कधी दूध विचारलंयस?”

 त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसल्या. मी सांगून टाकलं. सहाचा सात झालाय. काढावा लागेल, तपासावा लागेल. बोलता बोलता रडू फुटलं. त्या नुसत्या या फोटोवरून त्या फोटोवर, त्या फोटोवरून या फोटोवर. मग म्हणाल्या, “तीळ वाढलाय हे दिसतंय. पण लशीची खूण का वाढलीय?”

“काय?”

“ही बघ. ही गोल खूण. मी पाळण्यात होते तेव्हाची आहे. इतकी वर्षं होती तेवढीच आहे, आणि एका वर्षात अशी फुगली?” उठल्या, गळ्यातली टेप काढली, सरळ स्क्रीनवर लावली. जुन्या फोटोतली खूण मोजली, नव्यातली मोजली. मग तिळापासून खुणेपर्यंतचं अंतर, तेही दोन्हींत. “सगळंच वाढलंय, आणि एकाच हिशेबाने वाढलंय. अगं, बाहीचा कागद मोठा कापला की बटणाचं घरही मोठं होतं. हे दोन फोटो एका मापाचे नाहीतच.”

“असं कसं होईल? दोन्ही पंचेचाळीसवरच...”

आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख झालं. पंचेचाळीस शंभरच्या लेन्सचं! शंभरच्या लेन्सला तेवढ्या अंतरावर निम्मं माप मिळतं. एकशेपाचची लेन्स तेवढ्याच अंतरावरून सगळं मोठंच दाखवणार, आकडा मोठा आहे तिचा. ते पाच मिलिमीटर! ज्यांनी काही होत नाही असं गप्पीदास म्हणाला होता ते! आणि मी, फोटोतली जाणकार, चिकटपट्टी लावून मोकळी झाले. सात जणांचे तीळ वाढवले ते माझ्या लेन्सने.

मी वन्संना मिठीच मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, “हळू, टाचण्या आहेत ब्लाउजला.”

मग मी विचारलं, “आठ दिवस माहीत होतं तर बोलला का नाहीत?”

“तू इतकी घाबरली होतीस की म्हटलं, हिची हिंमत होईपर्यंत थांबावं.”

मग कपाटाचं, मशीनचं, लग्नाचे कपडे परत पाठवल्याचं काय ते माझ्या लक्षात आलं. मी एवढी बावळट कशी, तेच कळत नाही.

१७ मार्च, रविवार

सकाळी उठल्या उठल्या पोस्टमनना फोन. आधी माफी मागितली, मग सांगितलं की तीळ वाढलेला नाही, मापात माझी चूक झाली होती, खात्रीसाठी उद्या पुन्हा फोटो काढू.  मला वाटलं आता शिव्या देणार, आणि द्यायलाच हव्यात. तर ते म्हणाले, “मॅडम, आता गुडघ्याचं काय सांगू बायकोला?” आणि दोघंही इतके हसलो की मागून त्यांची बायको ‘काय झालं, काय झालं’ विचारत होती. काल रात्री झोपलो नाही असंही म्हणाले. ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

मग लेन्स सुधारली. हे काम खरं तर पहिल्याच दिवशी करायचं. निम्म्या मापावर आमच्या कॅमेऱ्यात बरोबर बहात्तर मिलिमीटर रुंदीचं चित्र मावतं. वन्संची टेप टेबलावर ताणून धरली, टाचण्या लावून. वन्सं एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. मी कडं फिरवत गेले, पुढेमागे होत गेले, शेवटी एका कडेला शून्य आणि दुसऱ्या कडेला सात सेंटिमीटर दोन मिलिमीटर, चपखल. तिथे कड्यावर नखाला लावायच्या पांढऱ्या पॉलिशचा बारीक ठिपका दिला. ह्यांनी विचारलं, “लेन्स परत करायची ना?” मी म्हटलं, का म्हणून? तिचा काय दोष? लेन्स उत्तम आहे, निवडणारीने डोकं वापरलं नाही.

मग वन्संच्या दंडाचा फोटो. या वेळी शेजारी पट्टीसुद्धा ठेवली. जुन्यावर नवा चढवला, तर खूण खुणेवर, तीळ तिळावर. सहा मिलिमीटर. जीव भांड्यात पडला. हे बाहेर गेले आणि दहा मिनिटं आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल, हातात परत द्राक्षं.

१८ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना बसूही दिलं नाही, सगळं ओकून टाकलं. लेन्स मी पाडली. खूण नसताना आकड्यावर विसंबले. सहा पेशंटचे फोटो चुकीच्या मापाचे, सगळे पुन्हा बोलावलेत, दोघांचे सकाळीच झाले, त्यांचं काही वाढलेलं नाही. आणि सातव्या माझ्या घरच्या.

त्या ऐकत होत्या. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, गेली नोकरी.

“पेशंटपैकी किती जणांना तुम्ही तोंडाने सांगितलंत, वाढलाय म्हणून?”

“एकाला. पोस्टमनना.”

“आणि घरी? ज्यांचा तीळ त्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“म्हणजे दोन्हीकडे चुकलात.”

 मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “आजपासून प्रत्येक फोटोत पट्टी. लेन्स कुठलीही असो, आणि फोटो काढणारी कुणीही असो.” मी हो म्हटलं. नऊ वर्षांपूर्वीच हो म्हणायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, “नणंदबाईंना आणलंय का?”

आणलं होतं. बाहेर बाकावर होत्या, पोस्टमनशी गप्पा मारत. आत आल्या ताठ मानेने. बाई त्यांना ओळखतात. वन्संनी बाही वर केली आणि ऐकवलं, “बघा, नीट बघा, नाहीतर ही वहिनी मला परत दूध पाजेल.” बाईंनी भिंग लावून बघितलं. किती वेळ बघत होत्या! कड बघितली, रंग बघितला, आजूबाजूचं बघितलं, काखेत हात घालून चाचपलं.  मला माहीत होतं की फोटो बरोबर आहे, पट्टी ठेवलेली आहे, सहा म्हणजे सहा. तरी मी पलंगाची कड धरून उभी होते.

“छान आहे,” बाई म्हणाल्या. “काही काळजी नाही. पुढच्या वर्षी या.”

वन्सं ‘बरं’ म्हणाल्या. उठल्या. बाही खाली केली आणि बटण लावायला लागल्या. वन्सं, ज्या आयुष्यभर बटणं लावत आल्यात, त्यांना ते एक बटण लागेना.  तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा मी पुढे होऊन लावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या टाळक्यात आता शिरलं, की दोन दिवस ही बाई मला धीर देत होती, टेप लावून मला समजावत होती, आणि तिला स्वतःला तोवर त्यातलं काही पटलेलंच नव्हतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. घट्ट. त्यांच्या बोटाला सुईने पडलेले घट्टे मला टोचत होते. आम्ही तशाच बसस्टॉपपर्यंत चालत गेलो, दोन म्हाताऱ्या मैत्रिणींसारख्या. लोक बघत होते, बघू देत.

“वन्सं, तुम्ही घाबरला होतात.”

“मग काय दगड आहे मी?” आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “पुन्हा असं काही असलं ना, तर मला पहिल्यांदा सांगायचं. तुझ्या नवऱ्याला नाही, मला. एकटीने आठ दिवस काढले गं मी.”

मी म्हटलं, “मी पण.”

“तेच तर म्हणतेय, मूर्ख. एका घरात राहून दोघी एकेकट्या.”

मग मात्र दोघींनाही आवरेना. बसस्टॉपच्या बाकावर बसून आम्ही मनसोक्त रडलो, मधेच हसलो, परत रडलो. शेजारी बसलेल्या एका भल्या बाईने रुमाल दिला आणि विचारलं, “कुणी गेलं का हो?” वन्सं नाक पुसत म्हणाल्या, “नाही हो. सगळे आहेत.”

आमच्या तीन बस गेल्या.